जुन्या स्टॅनली रंध्याचे सुटे भाग कसे जमवायचे

आधी रंध्याचा नंबर बघा. बॉडीवरच ओतलेला असतो. 4 आणि 5 नंबरला पातं 2 इंची, त्यामुळे पातं, त्यावरची पट्टी आणि लिव्हर कॅप (पातं दाबून धरणारं वरचं झाकण) एकमेकांना चालतात. साडेचार, 6 आणि 7 नंबरला पातं अडीचच्या जरा अलीकडचं, म्हणजे 2⅜ इंची. ते इथे बसणार नाही.

सुटा भाग शोधत हिंडण्यापेक्षा भंगारात बॉडी तडकलेला अख्खा रंधा मिळाला तर तोच घ्यावा. घेताना पात्याच्या खाचेपुढे धार लावण्याजोगं पोलाद किती उरलंय ते बघा, आणि लिव्हर कॅपचा काठ तुटका नाही ना, तेही.

खरी डोकेदुखी मुठीच्या स्क्रूची. त्याची जाडी साधारण 5.5 मि.मी. आणि इंचाला 20 आटे. पाव इंची बीएसडब्ल्यू (जुन्या ब्रिटिश मापाच्या) स्क्रूलाही 20च आटे असतात, म्हणून पिच गेज (आटे मोजायची पट्टी) बरोबर बसतो आणि दुकानदार तोच हातात देतो. पण तो 6.35 मि.मी. जाड. पान्याने रेटलात तर बिडाचे आटे गेलेच म्हणून समजा. एम6 ची, म्हणजे 6 मि.मी. मेट्रिक स्क्रूचीही तीच गत.

त्यापेक्षा जुना स्क्रू आणि पितळी नट, दोन्ही घेऊन उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीत, लेथवाल्याकडे जा. नुसतं माप सांगू नका, नमुना द्या. आटे डायने (आटे पाडायच्या तयार साच्याने) नव्हे, लेथवरच पाडायला सांगा. या मापाची डाय सहसा नसतेच. नवा स्क्रू आधी हाताने फिरवून बघा. तीन-चार फेरे सहज गेले तरच पुढे पेचकस लावायचा.

लाकडी मूठ मात्र विकत शोधू नका, शिसवीची करून घ्या.