सैतानाला हीरो करायचंय? आधी त्याला काम द्या

चॅनेलच्या मीटिंगमध्ये एक वाक्य हमखास येतं: "हीरो लाइकेबल वाटत नाहीये." मग कुणीतरी सुचवतं की पहिल्या एपिसोडला त्याला रस्त्यावरच्या कुत्र्याला बिस्किट घालताना दाखवू. मी मालिकांच्या पटकथा लिहिते. साध्यासुध्या नायकासाठी हे बिस्किट मीही कधीमधी चालवून घेतलंय. पण क्राईम मालिकेचा नायक साक्षात सैतान असेल तर त्या बिस्किटाला हात लावू नका. वरून चांगुलपणा चिकटवला की सैतान जातो आणि मागे राहतो एक चावट, श्रीमंत गृहस्थ, ज्याला आपण उगाच सैतान म्हणतोय.

माझ्याकडे लिहायला शिकायला येणाऱ्या पोरांना मी यासाठी 'लुसिफर' ही अमेरिकन मालिका पेन-कागद घेऊन बघायला लावते. जानेवारी 2016 मध्ये ती फॉक्सवर सुरू झाली आणि 2021 मध्ये नेटफ्लिक्सवर संपली. सहा सीझन, 93 एपिसोड. पात्र मूळचं कॉमिक्समधलं. नरकाचा कंटाळा येऊन राजीनामा दिलेला आणि लॉस एंजेलिसमध्ये 'लक्स' नावाचा नाइटक्लब चालवणारा सैतान कॉमिक्समध्येच होता. खुनाचे तपास मात्र तिथे नव्हते. ते टीव्हीवाल्यांनी आणले, टॉम कपिनोसनं मालिका विकसित करताना. तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली, की एवढा मोठा सैतान आणि त्याला पोलिसांच्या मागे फिरवता? मला विचाराल तर सगळी गंमत त्या जोडणीतच आहे, आणि आपल्याला शिकायचं आहे तेही तिथेच.

सैतान काय काम करतो, हे पहिल्या पानावर ठरवा. लोकांच्या डोक्यात तो भुलवणारा असतो: कानात कुजबुजतो आणि माणूस पाप करतो. हा सैतान क्राईम मालिकेला निरुपयोगी आहे, कारण मग प्रत्येक खुनाचा खरा गुन्हेगार तोच. दुसरा सैतान शिक्षा देणारा. पाप माणसं आपापल्या हिमतीवर करतात आणि हा फक्त हिशेब चुकता करतो. 'लुसिफर'नं हा दुसरा निवडला. शिवाय "सैतानानं करायला लावलं" असं म्हणणाऱ्यांचा त्याला मनस्वी राग. पहिल्या एपिसोडला त्याच्या क्लबच्या दारात डिलायला नावाची गायिका गोळ्यांना बळी पडते. तो गुन्हेगाराच्या मागे लागतो त्याचं कारण दया नव्हे. कुणालातरी शिक्षा व्हायला हवी आणि शिक्षा हे त्याचं खातं आहे. पोलिसांना गुन्हेगार हवा, यालाही गुन्हेगार हवा. दोघांना एका गाडीत बसवायला आणखी कारण शोधावं लागत नाही. जुन्या करारातल्या ईयोबाच्या पुस्तकातही सैतान देवाच्या दरबारात येऊन माणसावर आरोप ठेवतो, म्हणजे जवळपास सरकारी वकीलच. तेव्हा ही कल्पना अगदी हवेतून पडलेली नाही.

काम ठरलं की त्याला एक तत्त्व द्या. एकच. आणि त्या बाबतीत तो आजूबाजूच्या सगळ्या सज्जनांपेक्षा कडक हवा. लुसिफर खोटं बोलत नाही. बाकी सगळं करतो: पितो, झोपतो कुणाहीबरोबर, स्वतःवर जीव ओवाळून टाकतो. पण खोटं नाही आणि दिलेला शब्द मोडणं नाही. आपल्याकडच्या लेखकाला हे समजायला अवघड जाऊ नये. पाडव्याला "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो" म्हणून आपण ओवाळतो ते एका असुर राजाच्या नावानं. देवानं पाताळात घातलेल्या राजाच्या. शुक्राचार्यांनी सावध केलं तरी त्यानं तीन पावलांचा शब्द मोडला नाही आणि शेवटचं पाऊल स्वतःच्या डोक्यावर घेतलं. त्याचा असुरपणा कुणी माफ केलाय असं नाही, तो कुणाला आठवतच नाही. त्याला कुत्र्याला बिस्किट घालावं लागलं नव्हतं.

या तत्त्वाचा एक स्वस्त फायदाही आहे. खोटं बोलायचं नाही म्हटल्यावर तो सगळ्यांना सरळ सांगतो, मी सैतान आहे. आणि कुणी विश्वास ठेवत नाही. त्याच्याबरोबर तपास करणाऱ्या डिटेक्टिव्ह क्लोई डेकरला वाटतं, हे याचं काहीतरी मानसिक आहे, नाहीतर बोलायची पद्धत. रहस्य लपवायला लेखकाला कसरत करावी लागत नाही, ते उघड्यावर ठेवलेलं असतं. विनोद फुकट मिळतो तो वेगळाच.

आता शक्ती. बहुतेक नवशिके इथे आपटतात. लुसिफर समोरच्याच्या डोळ्यांत बघून विचारतो, तुला मनापासून काय हवंय, आणि माणूस बोलून जातो. नीट लक्ष द्या: तो इच्छा काढून घेतो, कबुलीजबाब नाही. हा फरक पुसला तर मालिका पहिल्या ब्रेकच्या आत संपते. एका विद्यार्थ्यानं लिहिलेला सीन साधारण असा होता:

सैतान: माझ्यापासून काही लपत नाही. बोल, मालकाचा खून कुणी केला?
अकाउंटंट: (थरथरत) मी... मीच केला, साहेब.

झालं. आता उरलेल्या वेळात काय जाहिराती दाखवायच्या? आम्ही तो असा बदलला:

सैतान: खून राहू दे बाजूला. तुला काय हवंय ते सांग.
अकाउंटंट: एकदा तरी... बायकोनं माझ्यासाठी जेवायचं थांबावं.
सैतान: एवढंच? (इन्स्पेक्टरकडे वळून) मी निराश झालोय.
इन्स्पेक्टर: त्या रात्री तुम्ही जेवलात कुठे?

अकाउंटंट गप्प होतो. सैतानाला जे फालतू वाटलं त्यातून दुवा काढला बाईनं. तुमच्या प्रत्येक चौकशीत ही वाटणी ठेवा: त्यानं दार उघडायचं, आत काय आहे ते तिनं ओळखायचं. आणि पहिलं उघडलेलं दार शक्यतो चुकीच्या खोलीत जाऊ द्या. शक्तीमुळे तपास सोपा होता कामा नये, त्याला नुसतं वळण लागायला हवं.

या बाईवर त्याची जादू चालत नाही. क्लोईच्या बाबतीत हे पहिल्याच एपिसोडला कळतं, आणि त्याच सीझनमध्ये आणखी एक गोष्ट पुढे येते: ती जवळ असली की त्याला इजा होते, रक्त येतं. मला या दुसऱ्या युक्तीचं फार कौतुक आहे. अमर माणसाच्या अ‍ॅक्शन सीनमध्ये काही पणाला लागत नाही. गोळी आली काय, गेली काय. इथे मात्र ज्या बाईजवळ त्याला राहावंसं वाटतं तिच्याचजवळ तो मरू शकतो. प्रेमाचा ट्रॅक आणि मारामारीचा ट्रॅक एकाच ओळीत बसले. वनलाईन, म्हणजे कथेचा थोडक्यात आराखडा, लिहिताना अशी ओळ सापडली तर त्या दिवशी दुसरं काही लिहू नका, चहा प्या.

मात्र तिला फक्त "जादू न चालणारी" ठेवून भागत नाही. क्लोईला घटस्फोटाच्या वाटेवरचा पोलिसातलाच नवरा आहे, लहान मुलगी आहे, आधीची अभिनेत्रीची कारकीर्द आहे जिच्यावरून सहकारी टोमणे मारतात. सैतान शेजारी नसतानाही तिचा दिवस भरलेला असतो. सैतानाची बायकोसारखी सोय म्हणून उभी केलेली इन्स्पेक्टर प्रेक्षक तीन एपिसोडांत ओळखतो, आणि मग त्याला सैतानही आवडेनासा होतो.

मुलगी आहे ट्रिक्सी. इथे बिस्किटाचा मोह परत होतो: सैतान पोरांवर माया करतो असं दाखवू या! त्यांनी उलटं केलं. ट्रिक्सीला तो भयंकर आवडतो आणि त्याला मुलांशी कसं वागावं ते कळत नाही. ती मिठी मारते आणि हा अवघडून उभा. तो तिच्याशी लहान मूल समजून बोलत नाही, खोटंही बोलत नाही, म्हणून तिला आवडतो. माया त्याच्या तोंडी एका शब्दानं न घालता प्रेक्षकापर्यंत पोचते.

मग थेरपिस्ट. डॉ. लिंडा मार्टिन हे या मालिकेतलं सगळ्यात हुशार पात्र, आणि रचनेच्या दृष्टीनं सगळ्यात कामाचं. लुसिफर तिच्या सोफ्यावर बसून केसबद्दल बोलतो. केस काहीही असो, ती त्याच्या मते त्याच्याच आयुष्याविषयी असते. कुणा बापानं मुलाला घराबाहेर काढलेलं असतं, याला लगेच आपला बाप आठवतो. लिंडा शहाणपणाचं काहीतरी सांगते, हा त्यातून नेमका चुकीचा अर्थ काढून उत्साहात निघून जातो. त्या चुकीच्या अर्थानं दोन गोंधळ होतात आणि तिसऱ्या गोंधळात खुनी सापडतो. आळस आला की हे यंत्र ठोकळेबाज होतं, त्यांचंही झालं होतं कधीकधी. पण यंत्र पक्कं आहे. सैतान आत्मकेंद्री आहे, हा दोष झाकायचा नाही, त्यावर गिरणी चालवायची. आपल्याकडे थेरपिस्ट नको असेल तर न्हावी चालेल, रिटायर झालेली शाळामास्तरीण चालेल. फक्त ऐकणाऱ्याला फी मिळायला हवी, नाहीतर तो रोज का ऐकेल?

बापाचा विषय निघालाच आहे. देव, देवदूत, स्वर्ग-नरक हे सगळं त्यांनी घरातलं भांडण म्हणून लिहिलं. मोठा भाऊ अमेनाडिएल येऊन सांगतो, घरी चल, तुझं काम कोण करणार? हे कुठल्याही वाटण्या झालेल्या वाड्यात ऐकायला मिळेल. बाप मात्र कितीतरी काळ दिसत नाही. खरा देव समोर येतो तो पाचव्या सीझनमध्ये. न दिसणाऱ्या बापाच्या जागी प्रत्येक प्रेक्षक आपला बाप बसवतो. तुमच्याकडे मोठा नट तयार असला तरी घाई करू नका.

त्याला वाईट किती करू द्यायचं? माझा ठोकताळा असा. गर्व, चैन, आचरटपणा, उद्धटपणा प्रेक्षक आनंदानं माफ करतो. दुबळ्याला दिलेला त्रास एकदाही माफ करत नाही. क्रौर्य चालतं, पण समोरचा त्याला पात्र असेल तरच आणि तेही मोजून. शिवाय एक न ओलांडायची रेघ हवी. लुसिफर माणसाला मारत नाही. ही रेघ आधी दोन-तीन सीझन नीट दाखवली तर ज्या दिवशी ती ओलांडली जाते त्या दिवशी दणका बसतो. तिसऱ्या सीझनच्या शेवटी तो तसा बसला.

त्याच एपिसोडला क्लोईला त्याचा खरा, जळका, लाल चेहरा दिसतो. इतका वेळ तो चेहरा आपल्याला आणि काही गुन्हेगारांना ओझरता दिसत होता, तिला नाही. फॉक्सनं मे 2018 मध्ये मालिका बंद केल्याचं जाहीर केलं आणि हा एपिसोड त्यानंतर काही दिवसांनी लागला. विचार करा, प्रेक्षकाला बांधून ठेवणारा, तीन सीझन धरून ठेवलेला हुक उघडला आणि पुढे काहीच नाही. चाहत्यांनी आकाशपाताळ एक केलं, जूनमध्ये नेटफ्लिक्सनं मालिका उचलली. अशा मोहिमा बंद पडलेल्या बऱ्याच मालिकांसाठी होतात. पण इथे लोकांना विशिष्ट प्रश्नाचं उत्तर हवं होतं: आता ती काय करेल? चौथा सीझन त्यावरच उभा आहे. आणि तिथेच कळतं की तो भेसूर चेहरा बाहेरून लादलेला नाही, तो स्वतःला जसा समजतो तसा दिसतो. नरकाचंही त्यांनी तसंच केलंय. माणूस आपल्याच अपराधाच्या प्रसंगात पुन्हा पुन्हा अडकतो, आणि खोल्यांची दारं उघडी असतात. दर आठवड्याला एका खुन्याच्या मनात शिरणाऱ्या मालिकेला याहून शोभणारा नरक मला सुचत नाही.

रोजच्या मालिकेत हे धरून ठेवणं फार कठीण आहे, हे मान्य. अर्ध्या तासाचा स्लॉट, हातात बावीसेक मिनिटं, दर शुक्रवारी काहीतरी फुटलंच पाहिजे. तिथे हा विषय नेऊ नका. आठ-दहा भागांची सीरीज मागा. नेटफ्लिक्सचा चौथा सीझन दहा भागांचा होता आणि फॉक्सच्या लांबलेल्या तिसऱ्यापेक्षा तो मला कितीतरी बांधेसूद वाटतो.

नटाबद्दल थोडक्यात. टॉम एलिस उंच आहे, देखणा आहे, स्वतः गातो. पण निवडताना बघायचं ते हे, की अपमान झाल्यावर त्याचा चेहरा सात वर्षांच्या पोरासारखा होतो का. एलिसचा होतो. त्याचे वडील बाप्टिस्ट पाद्री आहेत, हा योगायोग पत्रकारांना फार आवडायचा.

राहिला विरोध. मालिका लागायच्या आधीच, 2015 मध्ये, 'वन मिलियन मॉम्स' या अमेरिकी संघटनेनं ती रद्द करा म्हणून अर्ज फिरवला होता. आपल्याकडे तर चॅनेलचं स्टँडर्ड्स खातं, म्हणजे काय दाखवायचं नाही ते ठरवणारे लोक, पहिल्या वाचनाला भारतीय न्याय संहितेचं धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं कलम 299 काढून बसेल. जुन्या दंडसंहितेतलं 295अ तेच. तेव्हा पिचच्या, म्हणजे चॅनेलला द्यायच्या प्रस्तावाच्या, पहिल्या पानावर देवाधर्मावरची एकही कोटी नको. तिथे चार गोष्टी लिहा: याचं काम काय, हा कुठली गोष्ट कधीच करत नाही, याची जादू कुणावर चालत नाही, आणि घरातलं कोण याला परत बोलावतंय. दुसऱ्या पानावर पहिली केस. सैतानाच्या दिसण्याचं वर्णन मागितलं तर द्या, नाहीतर कॉश्च्युमवाल्यांवर सोडा.