कुंडीला ऊन पुरतंय का? आधी मोजा, मग ग्रो लाइट (झाडं वाढवायचा दिवा) घ्या

खिडकीतल्या कुंडीला भरपूर उजेड मिळतोय असं वाटतं, पण या बाबतीत डोळे भरवशाचे नाहीत. उजेड घटला की बाहुली मोठी होते आणि दहापट फरकही जाणवत नाही. भर दुपारचं उघडं ऊन सुमारे 1,00,000 लक्स (उजेड मोजायचं एकक) असतं. खिडकीपासून चार-पाच फूट आत हाच आकडा बऱ्याचदा 1,000च्या आसपास येतो, आणि रात्री ट्यूबलाइटखाली 200-300.

पायरी 1: मोजा. मोबाइलवर लक्स मीटरचं अ‍ॅप घ्या. सेन्सर बहुधा समोरच्या कॅमेऱ्याजवळ असतो, म्हणून स्क्रीन वर करून फोन पानांच्या उंचीवर आडवा धरा. सकाळी आठपासून दर दोन तासांनी आकडा लिहून ठेवा. डासांची जाळी लावून एकदा आणि सरकवून एकदा मोजा. पुष्कळदा कमतरता तिथेच सापडते.

पायरी 2: दिवसाचा हिशोब करा. दर चौरस मीटरवर दिवसभरात पडणारा झाडाच्या उपयोगाचा उजेड मोलमध्ये मोजतात. लक्सच्या आकड्याला उन्हासाठी 54ने आणि पांढऱ्या एलईडीसाठी 70ने भागा. मग तासांनी आणि 0.0036ने गुणा.

गॅलरीत सकाळी तीन तास सरासरी 50,000 लक्स ऊन आलं, तर साधारण 10 मोल होतात. फळीवर तीन एलईडी बॅटन (ट्यूबलाइटसारखे लांब दिवे) लावून 10,000 लक्स मिळवले आणि ते 14 तास चालू ठेवले, तरी जेमतेम 7 मोल. तीन तासांच्या फुकट उन्हाची बरोबरी दिवा दिवसभर जळूनही करत नाही. म्हणून कुंडी कठड्याकडे सरकवणं हा पहिला उपाय, दिवा दुसरा.

मनी प्लांटला 2 ते 4 मोल चालतात. रोपांना 6 ते 12, पालेभाजीला 12 ते 17 लागतात. मिरची-टोमॅटोला फळं धरायला 20च्या वर हवेत. तेवढा उजेड घरात दिव्यावर पुरवणं खर्चाचं आहे, ती झाडं उन्हातच ठेवा.

गॅलरी उत्तरेची असेल तर एक गोष्ट ध्यानात घ्या. मुंबई-पुण्यात दुपारचा सूर्य मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतच उत्तरेकडे असतो, आणि त्यातला बराच काळ ढगांत जातो. अशा घरात दिवा खरोखर कामाला येतो.

पायरी 3: दिवा बसवा. रोपांसाठी जांभळ्या दिव्याची गरज नाही. चार फुटी, 20 वॅटचे, 6500 केल्विनचे (थंड पांढऱ्या उजेडाचे) तीन साधे बॅटन सव्वा फूट रुंद फळीवर शेजारी-शेजारी लावा. शेंड्यापासून 6 ते 8 इंच उंची ठेवा आणि रोपं वाढतील तसे दिवे वर घ्या. 60 वॅट 14 तास म्हणजे महिन्याला सुमारे 25 युनिट. युनिटला 8 रुपये धरले तर 200 रुपये. टायमर लावाच. वायर सॉकेटच्या खालून वळवून वर न्या, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली ठिबकेल.

खोक्यावरच्या ‘1000 वॅट’वर जाऊ नका. दिवा प्रत्यक्षात किती वॅट ओढतो ते पाहा.

काय बिघडतं

रोपं लांबुडकी होऊन आडवी पडली, तर उजेड कमी आहे. दिवा खाली आणा. वरची पानं फिकट पडून कडा वळल्या, तर दिवा फार जवळ आहे. माती सतत ओली राहून बुरशी धरली, तर पाणी उन्हातल्या कुंडीच्या मापानं घातलं जातंय. दिव्याखाली माती सावकाश सुकते. बोट पेरभर आत घालून कोरडं लागलं तरच पाणी द्या.

तासांचंही भान हवं. पालक आणि कोथिंबीर रोज फार जास्त तास उजेडात राहिली, की पानं सोडून लवकर तुऱ्यावर जाते. शेवंतीचं उलट: तिला कळी धरायला लांब, अखंड रात्र लागते. गॅलरीतला दिवा रात्रभर तिच्यावर पडत असेल, तर झाड हिरवंगार राहतं आणि फूल येत नाही.

पायरी 4: उन्हाची सवय लावा. दिव्याखालची पानं कोवळी, पातळ असतात. रोप एकदम दुपारच्या उन्हात ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी पानांवर कागदासारखे पांढरे चट्टे दिसतात आणि ते भरून येत नाहीत. पहिल्या दिवशी सकाळचं ऊन एकच तास द्या, मग रोज तासभर वाढवा. आठवडाभरानं, नवी पानं जाडसर आणि गडद निघू लागली, की कुंडी बाहेरच राहू द्या.