जुनी स्कूटर सुरू होत नसेल तर तपासणी कोणत्या क्रमाने करावी

सेकंडहँड घेतलेली किंवा काही महिने एका जागी उभी राहिलेली स्कूटर सुरू होईनाशी झाली, की पहिल्याच दिवशी बॅटरी, दुसऱ्या दिवशी स्पार्क प्लग आणि तिसऱ्या दिवशी सीडीआय (ठिणगीचे नियंत्रण करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) बदलून पाहण्याचा मोह होतो. हे सुटे भाग अंदाजाने बदलण्यापेक्षा दोष कोठे आहे हे आधी ठरवणे स्वस्त पडते. पेट्रोल इंजिनाला सुरू होण्यासाठी योग्य वेळी ठिणगी, योग्य प्रमाणात पेट्रोल-हवेचे मिश्रण आणि पुरेसे कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रणावर येणारा दाब) लागते. हे तिन्ही घटक घरीच, साध्या हत्यारांनी तपासता येतात. येथे कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) असलेली, साधारण ११० सीसीची विनागिअर स्कूटर गृहीत धरली आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ प्रदूषण मानके लागू झाल्यानंतरच्या बहुतेक स्कूटरांत फ्युएल इंजेक्शन असते, त्यामुळे तिथे पेट्रोलविषयीचा भाग वेगळा राहील.

गाडी उघड्यावर, डबल स्टँडवर घ्यावी. बंद पार्किंगमध्ये हे काम करू नये, कारण एकीकडे पेट्रोलची वाफ आणि दुसरीकडे ठिणगी असा हा मामला आहे.

सुरुवातीला अगदी साध्या गोष्टी पाहाव्यात. टाकीत पेट्रोल खरोखर आहे का, हे काट्यावर विसंबून न राहता झाकण उघडून बघावे, कारण जुन्या गाडीचा काटा अनेकदा खोटे सांगतो. सेल्फ मारताना ब्रेक दाबलेला असावा लागतो. ब्रेकच्या मुठीजवळचा स्विच खराब असेल तर बटण दाबूनही काहीच घडत नाही. बटण दाबल्यावर नुसता ‘टक’ आवाज आला तर बॅटरी उतरलेली असण्याची शक्यता अधिक. मल्टिमीटरवर पूर्ण चार्ज बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ व्होल्टच्या खाली असेल तर ती आधी चार्ज करावी. मात्र सेल्फ चालत नाही म्हणजे इंजिन बिघडले असे नव्हे, म्हणून पुढची सगळी तपासणी किकवर करावी. फ्यूजही याच वेळी काढून पाहावा.

यानंतर प्लग काढावा. या एका भागातून जितकी माहिती मिळते तितकी दुसऱ्या कशातूनही मिळत नाही, असे माझे मत आहे, आणि तरीही लोक त्याच्याकडे न बघता थेट नवा प्लग लावून मोकळे होतात. आठ-दहा किक मारून झाल्यावर लगेच प्लग काढला आणि टोक पेट्रोलने ओले निघाले, तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोहोचते आहे, पण पेटत नाही. टोक कोरडे ठणठणीत असेल तर पेट्रोलच पोहोचत नाही. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. काळा तेलकट थर म्हणजे इंजिन ऑइल वर चढते आहे, आणि सेकंडहँड गाडीत ही खूण गांभीर्याने घ्यावी.

करंट, म्हणजे प्लगची ठिणगी, तपासण्यासाठी प्लग स्वच्छ पुसून पुन्हा कॅपमध्ये बसवावा आणि त्याचा धातूचा भाग इंजिनच्या उघड्या धातूला घट्ट टेकवावा. प्लगच्या भोकावर आधी कापडाचा बोळा धरावा, नाहीतर किक मारताच तिथून उडणारी पेट्रोलची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. प्लग हाताने न धरता रबरी मुठीच्या पकडीने धरावा. चावी चालू करून किक मारल्यावर निळसर, कडक ठिणगी दिसली तर करंट ठीक आहे. ठिणगी पिवळट आणि मरगळलेली असेल किंवा दिसतच नसेल, तर चांगला चालणारा दुसरा प्लग लावून पाहावे. तरीही फरक पडला नाही तर प्लगची कॅप वायरवरून फिरवून काढावी. पावसाळ्यात किंवा प्रेशरने गाडी धुतल्यानंतर या कॅपमध्ये पाणी शिरते आणि वायरचे टोक हिरवे पडते. वायर पुरेशी लांब असेल तर ते टोक थोडे कापून कॅप पुन्हा बसवल्यावर अनेक गाड्या सुरू होतात. त्यानंतर चावीचा स्विच आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी पाहाव्यात. सीडीआय, इग्निशन कॉइल आणि पल्सर कॉइल (ठिणगीच्या वेळेचा इशारा देणारी) यांचा क्रमांक सर्वांत शेवटचा.

करंट चांगला, पण प्लग कोरडा असेल तर पेट्रोलचा मार्ग तपासावा. अशा बऱ्याच स्कूटरांत पेट्रोलचा कॉक हाताने फिरवायचा नसून इंजिनाच्या ओढीवर उघडणारा असतो. म्हणून नळी काढल्यावर पेट्रोल पडत नाही, एवढ्यावरून तो खराब ठरवू नये. कॉकला जोडलेली व्हॅक्यूमची बारीक नळी इंजिनाकडच्या टोकाने सोडवून रिकाम्या इंजेक्शनच्या सिरिंजने ओढ द्यावी. पेट्रोलच्या नळीतून धार लागली तर कॉक ठीक आहे. सिरिंजमध्येच पेट्रोल आले तर आतला पडदा फाटलेला आहे आणि कॉक बदलावाच लागेल. टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक बुजले असल्यासही धार हळूहळू बंद पडते. झाकण सैल करून ते लगेच कळते. किक मारण्यापूर्वी स्कूटर तिरकी करण्याची चेतकच्या काळातली सवय अनेक घरांत अजून आहे, पण या गाड्यांवर तिचा आधार घेऊ नये.

कॉक चांगला असेल तर कार्बोरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून आतले पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यावे. तळाशी पाण्याचे थेंब वेगळे दिसत असतील तर टाकीही रिकामी करावी. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषते, त्यामुळे उभ्या गाडीत हा प्रकार होतो. पेट्रोल गढूळ, चिकट किंवा उग्र वासाचे असेल तर स्लो जेट (कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा भाग) जाम झाला आहे असे समजावे. जेट कार्बोरेटर क्लीनर आणि हवेच्या दाबाने साफ करावेत. सुई किंवा तार घातली तर भोक मोठे होते आणि मिश्रण कायमचे बिघडते. तेलकट कागदी एअर फिल्टर धुवू नये, बदलावा.

प्लग ओला आणि करंटही चांगला असेल, तर पेट्रोल ओव्हर झाले आहे. चोक न लावता, प्लग वाळवून, अॅक्सिलरेटर पूर्ण पिळून धरून किक मारत राहावे. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचे घर केलेले नाही ना, हेही पाहावे. धूर बाहेर पडायला वाट नसेल तर इंजिन पेट घेत नाही.

एवढे होऊनही गाडी गप्प असेल आणि किक हाताने दाबली तरी सहज खाली जात असेल, तर कॉम्प्रेशन बसल्याची शंका घ्यावी. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून दुसऱ्याला किक मारायला सांगावे. चांगल्या इंजिनात हवा अंगठा जोराने उडवते. दाब कमी वाटला तर गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन गेजने मोजणी करून घ्यावी. मग भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायला सांगावे. दाब वाढला तर रिंग-सिलिंडर झिजले आहेत. वाढला नाही तर बहुधा व्हॉल्व्हमधून गळती आहे. मात्र इंजिन खोलण्याआधी टॅपेट (व्हॉल्व्हला ढकलणाऱ्या भागाचे समायोजन) तपासून घ्यावेत, कारण ते घट्ट झाले की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि फिलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) अंतर जुळवून काम भागते. रिबोरचा (सिलिंडर आतून कापून मोठा करण्याचा) सल्ला या मोजणीशिवाय मान्य करू नये.

गाडी सुरू झाल्यावर ती पाच मिनिटे चालू ठेवून, थोडी रेस देत बॅटरीवरचे व्होल्टेज पाहावे. ते १३.५ ते १४.५ च्या दरम्यान असावे. त्यापेक्षा कमी असेल तर चार्जिंग नीट होत नाही, आणि नवीन बॅटरीसुद्धा थोड्याच दिवसांत उतरेल.