लादाइनीआधी अबोला मोडायचा तो असा

मी मूळची सावंतवाडीची. लग्न होऊन गोव्यात, बार्देशात आले त्याला बत्तीस वर्षं झाली. मे महिन्यात आमच्या वाड्यावरच्या क्रुसाला चुना लागतो, पताका लागतात आणि संध्याकाळी लादाइन, म्हणजे क्रुसापुढची गायनासह प्रार्थना, होते. वर्गणीला घरोघर फिरलं की कोणाचं कोणाशी पटत नाही ते लगेच कळतं. एका वर्षी त्यात आमचंच घर होतं. आमच्या माडाचा नारळ शेजाऱ्यांच्या छपरावर पडून चार कौलं फुटली आणि मी म्हणून बसले, "नारळ काय मी टाकला?" आठ महिने अबोला.

तर आधी मराठी बायबलात मत्तय ५:२३-२४ सावकाश वाचा. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. त्याच्या मनात, बरं का. म्हणजे आपलं काही चुकलं नाही असं वाटत असलं तरी उठून जायचं आपणच. शेजारी हिंदू आहेत, मग भाऊ कसे, असा काथ्याकूट करू नका. ते घर दरवर्षी मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे तिथल्या चर्चमधल्या मरियामातेला, तेल वाहायला म्हापशाला जातं. सायबीण आणि शिरगावची लईराई देवी बहिणी-बहिणी, हे मला त्यांच्याच वहिनींनी सांगितलं.

एकटंच जा. मत्तय १८:१५ पासून पुढे क्रम दिलाय: आधी दोघांतच, नाही जमलं तर एक-दोघांना घेऊन, मग मंडळी, म्हणजे चर्च. मी उलटं केलं. पहिल्याच खेपेला नवरा आणि वाड्यावरचे एक म्हातारे सोबत नेले. शेजाऱ्यांना वाटलं पंचायत आली. दार उघडलंच नाही.

वेळ सकाळची, पोदेर, म्हणजे पाववाला, येऊन गेल्यावरची. संध्याकाळी कोणीतरी घोट घेतलेला असतो. दुसऱ्या खेपेला मी पायरीवरूनच म्हटलं, "वहिनी, कौलं आमच्या माडामुळे फुटली. शनिवारी पाडेली येतोय. कौलं किती आणू?" पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ काढणारा. पुढे 'पण' तोंडाशी आला होता, गिळला. तुम्हीही गिळा. वहिनी न बोलता आत गेल्या आणि फुटक्या कौलाचे दोन तुकडे घेऊन आल्या. आठ महिने जपून ठेवले होते, वर्तमानपत्रात गुंडाळून. त्या दाखवतील तेवढं बघायचं, मध्ये बोलायचं नाही.

पोप १९६८ पासून १ जानेवारीला जागतिक शांतीसाठी संदेश देतात. २०१७चा अहिंसेवर होता, आणि त्यातही सुरुवात घरातून करा म्हटलंय. युद्धं थांबावीत म्हणून मी रोज तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणते. पाडेलीला फोनही करते, पावसाआधी.

लादाइनीनंतर चणे वाटताना त्या घरचा द्रोण स्वतः द्या, पोरांकरवी पाठवू नका. चण्यांत आम्ही खोबऱ्याचे तुकडे घालतो. त्या वर्षी नारळ त्याच माडाचा होता.