गुडघ्याची गादी फाटली, तर पुढच्या तीस वर्षांसाठी काय करावे

भातकापणी उरकून मळे कोरडे पडले, की कोकणात गावोगावी कबड्डीची मैदाने आखली जातात आणि सड्यावर क्रिकेटचे सामने रंगू लागतात. याच दिवसांत, म्हणजे साधारण दिवाळीपासून पहिल्या पावसापर्यंत, गुडघा सुजलेली सतरा ते पंचवीस वर्षांची मुले उपचारासाठी येतात. हकिगत बहुतेकांची सारखीच असते: चढाई करताना पाऊल मातीत रोवलेले राहिले, वरचे शरीर वळले आणि आत काहीतरी ‘कट’ झाले. पुढच्या स्पर्धेत उतरता येईल का, एवढाच त्यांचा प्रश्न असतो. मेनिस्कस, म्हणजे बोलीभाषेतली गुडघ्याची गादी, फाटल्यावर जो निर्णय या वयात घेतला जातो, त्याचा परिणाम मात्र चाळिशी-पन्नाशीत दिसतो. म्हणून पुढचा मजकूर त्या वयावर नजर ठेवून लिहिला आहे.

पहिले पंधरा दिवस

सूज किती वेळात आली, हे लक्षात ठेवावे. दुखापतीनंतर तासा-दोन तासांत गुडघा टम्म फुगला, तर आत रक्तस्राव झाल्याची आणि एसीएल, म्हणजे मांडीचे आणि नडगीचे हाड बांधून ठेवणारा सांध्यातला दोरासारखा लिगामेंट, तुटल्याची शंका घ्यावी लागते. नुसती गादी फाटली असेल, तर सूज बहुधा दुसऱ्या दिवशी दिसते. बर्फ कपड्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा ठेवावा आणि चालताना काठीचा किंवा कुबडीचा आधार घ्यावा. तेल लावून चोळणे आणि गुडघा ओढून ‘बसवणे’ टाळावे. घरातल्या वडीलधाऱ्यांचा हाडवैद्यावरचा विश्वास मला ठाऊक आहे आणि त्यांचा मान राखूनच सांगतो, की अडकलेल्या गुडघ्याला झटका देऊन तो सरळ करू पाहिल्यास आतली फाट वाढू शकते.

गुडघा पूर्ण सरळच होत नसेल, तर वाट पाहू नये. फाटलेल्या गादीचा मोठा तुकडा बादलीच्या कडीसारखा उलटून सांध्याच्या मध्ये अडकला, की असे होते, आणि तो जितका काळ चेपत राहील तितकी त्याला टाके घालण्याजोगी अवस्था उरण्याची शक्यता कमी होत जाते. अशा वेळी अस्थिरोगतज्ज्ञाकडे त्याच आठवड्यात जावे.

एमआरआय कधी काढायचा, हे तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी ठरवावे. सिंधुदुर्गातले अनेक जण त्यासाठी गोव्यात किंवा कोल्हापुरात जातात, दिवस मोडतो, पैसे जातात, आणि अहवालातला ‘ग्रेड २’ हा शब्द वाचून घरभर काळजी पसरते. वास्तविक ग्रेड १ आणि २ म्हणजे गादीच्या आतला बदल. तो पृष्ठभागापर्यंत पोहोचला, तरच त्याला ग्रेड ३, म्हणजे फाट, म्हणतात. लहान मुलांच्या गादीत रक्तपुरवठा अधिक असल्यामुळे निरोगी गादीही चित्रात फाटल्यासारखी भासू शकते. त्यामुळे कागदाइतकेच महत्त्व हाताने केलेल्या तपासणीला आहे.

गादी काढण्याचा इतिहास आणि त्याची किंमत

प्रत्येक गुडघ्यात दोन गाद्या असतात, आतल्या बाजूला एक आणि बाहेरच्या बाजूला एक. पाय सरळ असताना सांध्यावरचा निम्मा किंवा त्याहून अधिक भार त्या पेलतात आणि गुडघा काटकोनात वाकला, की हे प्रमाण सुमारे ८५ टक्क्यांपर्यंत जाते. एकेकाळी मात्र ही गादी निरुपयोगी अवशेष समजून सर्रास पूर्ण काढली जात असे. १९४८ मध्ये फेअरबँक या ब्रिटिश शल्यविशारदाने अशा गुडघ्यांच्या एक्स-रेमध्ये दिसणारे बदल नोंदवले, तरी ही पद्धत मोडायला पुढे काही दशके जावी लागली. स्वीडनमध्ये पूर्ण गादी काढलेल्या १०७ गुडघ्यांची २१ वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा ४८ टक्के गुडघ्यांत ठळक झीज आढळली. तुलनेसाठी घेतलेल्या लोकांत हे प्रमाण ७ टक्के होते. स्कॉटलंडमधल्या डंडी येथे किशोरवयात गादी काढलेल्या ५३ जणांचा सरासरी ४० वर्षांनी मागोवा घेतला गेला, त्यातल्या सात जणांना तोवर कृत्रिम गुडघा बसवावा लागला होता.

आज गादी पूर्ण काढली जात नाही, दुर्बिणीतून फक्त फाटलेला भाग छाटला जातो, आणि त्यामुळे धोका पुष्कळ घटला आहे. पण तो संपलेला नाही. जितका भाग जातो, तितका उरलेल्या कूर्चेवरचा, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थरावरचा, दाब वाढतो. बाहेरच्या बाजूची गादी गमावलेला तरुण गुडघा आतल्या बाजूच्या मानाने लवकर कुरकुरू लागतो, काही खेळाडूंत तर काही महिन्यांतच. बाहेरची गादी जन्मतःच चकतीसारखी पूर्ण गोल असण्याचे प्रमाण आशियाई लोकांत जास्त आहे. आठ-दहा वर्षांच्या मुलाचा गुडघा पडण्या-धडपडण्याशिवायच खटखट वाजत असेल, तर पालकांनी याची चौकशी करावी.

ऑपरेशनपूर्वी काय विचारावे

पहिला प्रश्न असा: टाके घालता येतील का, की छाटावेच लागेल? गादीच्या बाहेरच्या कडेला, साधारण १० ते ३० टक्के रुंदीपर्यंत, रक्तवाहिन्या पोहोचतात. तिथली उभी, ताजी फाट शिवली तर जुळते. आतल्या कडेला रक्त पोहोचत नाही, म्हणून तिथे शिवण टिकण्याची आशा कमी. शिवणीचे काम अवघड, खर्चिक आणि सावकाश बरे होणारे आहे. पाच वर्षांहून अधिक काळ मागोवा घेतलेल्या रुग्णांत साधारण चारांतल्या एकाची शिवण अपयशी ठरते. तरीही वय पंचविशीच्या आत असेल आणि फाट शिवण्याजोगी असेल, तर माझा कौल शिवण्याकडेच आहे, कारण शिवण निसटली तर छाटण्याचा मार्ग नंतरही मोकळा राहतो. छाटलेली गादी मात्र परत येत नाही. दुर्बीण आत गेल्यावर बेत बदलू शकतो, म्हणून दोन्ही शक्यतांना संमती आणि दोन्हींचा खर्च आधीच बोलून घ्यावा. तसेच टाके घालण्याचे काम संबंधित शल्यविशारद नियमित करतात का, हे नम्रपणे विचारण्यात काही गैर नाही.

दुसरा प्रश्न असा, की ऑपरेशनची आता गरज आहे का. डेन्मार्कमध्ये १८ ते ४० वयोगटातल्या १२१ रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्यांवर लवकर शस्त्रक्रिया केली गेली आणि उरलेल्यांना देखरेखीखाली व्यायाम दिला गेला. वर्षअखेर वेदना आणि हालचाल यांत दोन्ही गटांमध्ये महत्त्वाचा फरक आढळला नाही. व्यायामगटातल्या साधारण चौथ्या हिश्श्याने नंतर ऑपरेशन करून घेतले. नेदरलँड्समधल्या शंभर रुग्णांच्या चाचणीतही दोन वर्षांनंतर निष्कर्ष याच दिशेचा होता, मात्र तिथे व्यायामाने सुरुवात केलेल्यांपैकी ४१ टक्के पुढे शस्त्रक्रियेकडे वळले. यावरून सगळ्यांनी व्यायामच करावा, असे म्हणता येत नाही. अडकलेला गुडघा, उलटलेला मोठा तुकडा आणि अठराच्या आतली मुले यांच्यासाठी या चाचण्या नव्हत्या, आणि एक-दोन वर्षांच्या निकालावरून वीस वर्षांचे भाकीत करणे धाडसाचे होईल. गादीचे मूळ हाडापासून सुटले असेल, तर तोही वेगळाच मामला: मूळ सुटलेली गादी भार पेलतच नाही, जणू काढूनच टाकली आहे.

एसीएलही तुटला असेल, तर दिरंगाई महागात पडते. गुडघा प्रत्येक वेळी निसटताना आतली गादी थोडी आणखी फाटते. म्हणून ‘चालता येतंय ना, मग बघू पावसानंतर’ हा हिशेब इथे चालत नाही.

शस्त्रक्रियेनंतरचे दिवस

नुसते छाटले असेल, तर मुलगा चार ते सहा आठवड्यांत सरावाकडे परतू शकतो, आणि गंमत अशी, की याच सोयीमुळे प्रशिक्षक व पालक छाटण्याकडे झुकतात. टाके घातले असतील, तर पहिले चार ते सहा आठवडे पट्टा आणि कुबड्या वापराव्या लागतात, गुडघा काटकोनापलीकडे वाकवायचा नसतो, आणि खोल उकिडवे बसणे तर चार ते सहा महिने वर्ज्य असते. आपल्या घरांत हे पाळणे कठीण आहे, म्हणून ऑपरेशनच्या आधीच घर बदलून घ्यावे. शौचालय भारतीय पद्धतीचे असेल, तर त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची आणावी. जेवण टेबलावर घ्यावे. जांभ्याच्या उंच, शेवाळलेल्या पायऱ्या असतील, तर अंथरूण खालच्या खोलीत हलवावे. कुणी डिसेंबरात टाके घालून घेतले असतील, तर शिमग्याला त्याने पालखी खांद्यावर घेऊन नाचवू नये. देवाला उभ्याने नमस्कार करावा आणि खांदा पुढच्या वर्षी द्यावा. रापण ओढणे, लावणीच्या चिखलात उतरणे, माडावर चढणे हेही साधारण सहा महिने बंद. खेळात परतण्याची तारीख कॅलेंडरवरून ठरवू नये. दोन्ही मांड्यांची ताकद जवळपास सारखी झाली, एका पायावर उडी मारून तोल सांभाळता आला आणि सराव करूनही सूज आली नाही, तर मैदानात उतरावे.

चालण्यासाठी ओहोटीची ओली, घट्ट वाळू उत्तम. कोरड्या वाळूत पाऊल रुतते आणि गुडघा पिळवटतो. किनारा उतरता असल्याने एकाच दिशेने न चालता जाऊन-येऊन चालावे. पोहताना बेडकासारखा पायाचा झटका पहिले काही महिने टाळावा.

त्यानंतरची वर्षे

गादीचा काही भाग गेलेला असेल, तर मांडीचे स्नायू मजबूत ठेवणे आणि वजन आटोक्यात ठेवणे, या दोन गोष्टी आयुष्यभर सोडू नयेत. खेळ सुटल्यावर पोट सुटते आणि नेमके तेव्हाच गुडघ्यावर ओझे वाढते. पाय मुळातच बाहेरच्या बाजूला वाकलेले असतील आणि आतली गादी छाटली गेली असेल, तर डॉक्टरांना पायाच्या रेषेबद्दल विचारावे. काम केल्यावर गुडघा वारंवार सुजत असेल किंवा सकाळी अवघडत असेल, तर दोन्ही गुडघ्यांचा उभ्याने एक्स-रे काढावा. झोपून काढलेल्या चित्रात झीज लपते.

ऑपरेशनचा कागद जपून ठेवावा. त्यात कोणती गादी, कुठली फाट, किती भाग काढला किंवा किती टाके घातले, हे लिहिलेले असते, आणि वीस वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांना तेच हवे असते. आमच्या दमट हवेत फाईलला बुरशी लागते, फिल्म एकमेकींना चिकटतात, सीडी तर दोन पावसाळेही काढत नाही. म्हणून घरी येताच प्रत्येक पानाचा फोटो काढून तो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवावा.