मेंढरांच्या राखणीसाठी कुत्रं घेताय?

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात पहिली चाळीस मेंढरं घेतली तेव्हा चारा, लस, लोकर कातरणी असा सगळा हिशेब मी वहीत मांडला होता. राखणीसाठी शहरातून एक तगडा अल्सेशियन आणला. पहिल्याच रात्री तो मेंढरांवरच धावला. मेंढरं वाघूर (भोवतीची जाळी) पाडून उधळली, एक गाभण मेंढी नाल्यात पडून पाय मोडून बसली. शेजारच्या शेतात मेंढरांचा वाडा टाकलेल्या ठेलारी मेंढपाळ बाबांनी सकाळी त्याला न्याहाळलं आणि म्हणाले, "हाऊ राखणदार नही, पाव्हना शे."

मग त्यांच्याच कुत्रीची दीड महिन्याची दोन पिल्लं घेतली. गावठीच. पिल्लू बघण्याआधी त्याची आई बघा: ती कळपामागं हिंडते का, रात्री मेंढरांजवळ बसते का? पिल्लू चौथ्या महिन्यापर्यंत ज्यांच्यात वावरतं, त्यांनाच आपलं मानतं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांचं असतानाच त्याला कोकरांच्या जाळीत ठेवायचं. मारकी मेंढी ढुशी देते, तेव्हा घुसायला एखादी उलटी पाटी कोपऱ्यात असू द्या. भाकरीचा काला कळपातच द्यायचा. घरात, पोरांच्या मांडीवर मुळीच नाही. माझ्या धाकट्यानं एक पिल्लू लाडावून ठेवलं. ते आजही मेंढरं सोडून स्वयंपाकघराच्या दाराशी असतं.

सहा महिन्यांनंतरचा काळ सगळ्यात वाईट. कुत्रं अंगानं वाढलेलं, डोक्यानं पिल्लूच. खेळता खेळता कोकरांचे कान फाडतं, लोकर ओढतं. बऱ्याच जणांचा धीर इथंच सुटतो. बाबांनी गळ्यात लोढणं अडकवायला सांगितलं: पळायला लागलं की लाकूड पुढच्या पायांवर आपटतं. दोन महिन्यांत खोड गेली. मारून जात नाही, उलट कुत्रं मेंढराजवळ जायलाच भितं.

परदेशी जातींचे व्हिडिओ बघून दाट केसांचा पिरेनीज मागवायचा विचार असेल तर आपला मे महिना आठवा. पारा ४४-४५ वर गेल्यावर त्या झुलपाचं काय होणार?

लांडगा माणसाची चाहूल टाळून पहाटे-तिन्हीसांजेला येतो, आणि दोन जागती कुत्री असली की बहुधा माघारी फिरतो. निदान दोन तरी पाळा, कारण एक त्याच्यामागं गेलं तर दुसरं कळपाशी उरतं. तापीकाठच्या केळी-उसाच्या पट्ट्यात बिबट्याची गोष्ट वेगळी. त्याला कुत्रं म्हणजे आयतं जेवण. तिथं खिळ्यांचा पट्टा गळ्यात हवाच, पण भिस्त त्यावर ठेवू नका. उजेड आणि जागं माणूस हवं. मेंढरू मारलं गेलंच तर ते हलवू नका, लगेच वनरक्षकाला बोलवा. पंचनामा झाल्याशिवाय भरपाई नाही. मेलेल्या मेंढरात विष घालण्याचा सल्ला देणारे भेटतील. लांडगा कायद्यानं संरक्षित आहे, आणि ते विष आधी तुमचंच कुत्रं खाईल.

एक गोष्ट मला उशिरा कळली. दुसऱ्या वर्षी एक मेंढी मान वाकडी करून एकाच बाजूला गोल गोल फिरू लागली. डॉक्टर म्हणाले, गिड. कुत्र्याच्या पोटातल्या पट्टकृमीची अंडी चाऱ्यातून मेंढीच्या पोटात जातात आणि मेंदूत पाण्याची गाठ होते. मी मेलेल्या मेंढरांची मुंडकी कुत्र्यांपुढं टाकत होतो, म्हणजे ते चक्र मीच फिरवत होतो. आता मुंडकी खोल पुरतो आणि दर तीन महिन्यांनी कुत्र्यांना जंताची गोळी देतो. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, मग दरवर्षी. लांडग्याशी झटापट झाली तर जखम साबणानं धुऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. धुताना हातमोजे घाला.

अल्सेशियन अजून आहे. गावातल्या किराणा दुकानाबाहेर बांधलेला असतो आणि मेंढरं रस्त्यानं गेली की अजूनही साखळी ताणतो.