थिसिसच्या स्टॅटिस्टिक्समध्ये या चुका टाळा

सांगली-मिरजेकडच्या मेडिकल पीजीच्या पोरांचे थिसिसचे डेटाशीट माझ्याकडं येतात ते बहुतेक सबमिशनला महिना उरल्यावर, आणि पहिला प्रश्न ठरलेला, सर पी व्हॅल्यू (म्हणजे औषधाचा काहीच परिणाम नसता तरी एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगानं दिसायची शक्यता) ०.०५ च्या खाली येईल ना. अहो पण औषधानं फरक किती पडला ते आधी सांगा की. बीपी सरासरी २ नं उतरलं का १२ नं, हे पेशंटच्या कामाचं, आणि पी व्हॅल्यू ते सांगतच नाही, म्हणून फरक लिहा आणि शेजारी ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा फरक साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो ती रेंज, द्या.

एसपीएसएस या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये पी ०.००० दिसलं की तसंच टेबलात उतरवतात. पी कधीच शून्य नसते, सॉफ्टवेअर फक्त तीन दशांशांपर्यंतच दाखवतंय, तिथं ०.००१ पेक्षा कमी असं लिहायचं.

सगळ्यात जास्त घोळ सरासरीचा. समजा पाच पेशंट वॉर्डात २, ३, ३, ४ आणि २८ दिवस राहिले, तर सरासरी ८ येते आणि एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन, आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) ११.२. आता ८ वजा ११.२ करून बघा, उणे ३ दिवस कुणी ऍडमिट राहतं का? डेटा एका बाजूला कललाय हे तिथंच कळतं, मग मीडियन (आकडे क्रमानं लावल्यावर येणारा मधला) द्या, इथं ती ३ आहे आणि वॉर्डातल्या सिस्टरला विचारलं तर तीही तेच सांगेल. काहीजण एसडी मोठी दिसते म्हणून स्टँडर्ड एरर (सरासरी किती अचूक आहे त्याचं माप, पेशंटमधला फरक नव्हे) छापतात, २५ पेशंट असले की ती एसडीच्या पाचव्या हिश्श्यावर येते आणि टेबल एकदम देखणं दिसतं, पण वाचणाऱ्याची फसवणूक होते हो, असं करू नका.

त्याच पेशंटचं आधीचं-नंतरचं रीडिंग असेल तर पेअर्ड टेस्टच, म्हणजे प्रत्येक पेशंटची त्याच्या स्वतःशीच तुलना करणारी, लावा.

आणि "३० पैकी एकालाही कॉम्प्लिकेशन नाही, म्हणजे पद्धत सुरक्षित" हे वाक्य दिसलं की मला खरंच काळजी वाटते. अशा वेळी ढोबळ नियम ३ भागिले पेशंटची संख्या, इथं ३ भागिले ३०, म्हणजे खरा धोका १० टक्क्यांपर्यंत असू शकतो, ३० पेशंटात तो दिसला नाही एवढंच.

हे सगळं शेवटच्या आठवड्यातही दुरुस्त होतं. सीटीआरआय, म्हणजे भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीतलं रजिस्ट्रेशन मात्र तेव्हा होत नाही, १ एप्रिल २०१८ पासून ट्रायलचा पहिला पेशंट घ्यायच्या आधीच ते करावं लागतं, त्यामुळं सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) आणि एथिक्स कमिटीच्या मंजुरीचं काम झालं की लगेच त्याच्या मागं लागा.